शार्पी, कवडसा आणि काळा दगड

आमच्या गल्लीतला लायटिंगवाला पोरगा एक वाक्य वरचेवर म्हणतो, "धूर नसला की शार्पी वाया जायलाय, सर." गणपतीत, वरातीत, जयंतीच्या मिरवणुकीत ट्रॉलीवर उभे केलेले ते फिरत्या मानेचे दिवे तुम्हीही पाहिले असतील. शार्पी हे मुळात इटलीतल्या एका कंपनीच्या एका मॉडेलचं नाव, पण परभणीपासून देगलूरपर्यंत आता कुठलाही बीम लाइट शार्पीच. झोत दोन-चार अंशांत मावणारा, सरळसोट, डोळ्यांवर आला तर अंधारी आणणारा. तरीही स्वच्छ हवेत तो दिसत नाही. समोरच्या भिंतीवर एक गोल ठिपका पडतो, एवढंच. मग पोरगा स्मोक मशीनचं बटण दाबतो आणि रस्त्यावर, माणसांच्या डोक्यांच्या वर, इतका वेळ नव्हतेच असे पांढरे खांब उभे राहतात.

मी हायस्कूलात चित्रकला शिकवतो. मिरवणुकीतल्या आवाजाबद्दल माझं मत छापण्याजोगं नाही, आणि लेझरच्या किरणांनी लोकांच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा व्हायला लागल्यावर अनेक ठिकाणी पोलिसांनी त्यावर बंदी घातली, ती योग्यच झाली. पण ट्रॉली आमच्या घरासमोरून जाते तेव्हा मी खिडकीशी असतो, त्या खांबांसाठी. दोन खांब एकमेकांना छेदतात, फाकतात, आडवे होऊन समोरच्या तिमजली इमारतीच्या गच्चीला घासून जातात. ज्या चौकाला मी एरवी चौक म्हणूनही मोजत नाही, त्याला त्या दहा मिनिटांत उंची येते, कोन येतात, पोकळी येते.

त्या पोराच्या वाक्यावर एका कलावंताचं अख्खं काम उभं आहे. अँथनी मॅकॉल हा मूळचा इंग्रज. १९७३ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला आणि त्याच वर्षी त्याने १६ मिलिमीटर फिल्मवर अर्ध्या तासाचा, जवळजवळ काहीच नसलेला चित्रपट केला. नाव 'लाइन डिस्क्रायबिंग अ कोन', म्हणजे शंकू काढणारी रेषा. काळी फिल्म, तिच्यावर एक पांढरा ठिपका. ठिपक्याचा कंस होतो, कंस सावकाश वाढत जातो आणि तीस मिनिटांनी वर्तुळ पूर्ण होतं. संपला चित्रपट. खोलीत खुर्च्या नसतात, आणि बघायचं ते पडद्याकडे पाठ करून, प्रोजेक्टरच्या दिशेने. ठिपका असतो तोवर हवेत प्रकाशाची एक बारीक दोरी ताणलेली दिसते. कंस वाढतो तसा तिचा वळलेला पापुद्रा होतो. शेवटी भिंगापाशी टोक आणि भिंतीपाशी तोंड असलेला पोकळ शंकू खोलीभर आडवा पडलेला असतो. लोक त्यात हात घालतात, वाकून आत शिरतात, आत उभं राहून प्रकाशाच्या भिंती न्याहाळतात. मी हे फक्त चित्रफितींत आणि फोटोंत पाहिलंय, पण पहिल्यांदा पाहिलं तेव्हा 'अरे, हे तर आपलं' असंच वाटलं.

त्या कामाची धुळीची गोष्ट मला विशेष आवडते. न्यूयॉर्कमधल्या ज्या जागांत ते सुरुवातीला दाखवलं गेलं, त्या जुन्या कारखान्यांच्या-गोदामांच्या मोठाल्या खोल्या होत्या. हवेत धूळ, शिवाय बघणाऱ्यांच्या हातात सिगारेटी. शंकू झकास दिसायचा. पुढे तेच काम स्वीडनमधल्या एका स्वच्छ कलादालनात लावलं. लोक जमले, प्रोजेक्टर सुरू झाला, आणि शंकू गायब! हवेत धूळ नव्हती, धूर नव्हता. प्रकाश कशावर आदळणार? मॅकॉलने सत्तरच्या दशकाच्या अखेरीला कलेचं हे काम बाजूला ठेवलं आणि जवळपास वीस वर्षांनी तो परत आला, तेव्हा त्याच्या दिमतीला हवेत विरळ धुकं सोडणारं हेझ मशीन होतं. म्हणजे आमच्या पोराकडे आहे त्याचंच साहेबी भावंड.

धुळीची वानवा आम्हाला कधीच नव्हती. सत्तरच्या दशकाच्या शेवटी आम्ही माळेगावच्या यात्रेला जायचो. नांदेड जिल्ह्यातली, खंडोबाची, घोडे-गाढवांच्या बाजारासाठी नावाजलेली यात्रा. तिथे टुरिंग टॉकीजचे तंबू असायचे. जमिनीवर बसायचं, मागे प्रोजेक्टरची खडखड. दिवसभर हजारो पायांनी उडवलेली माती हवेत तरंगत असायची आणि तंबूत निम्मे लोक बिडी ओढत असायचे. पडद्यावर काय चाललंय ते पुढच्या फेट्यांमुळे मला कधी नीट दिसलंच नाही. डोक्यावरून जाणारा झोत मात्र दिसायचा. मागे बोटभर, पुढे खोलीएवढा. पडद्यावर माणसं पळाली की झोतात पट्टे पळायचे, रात्रीचा प्रसंग आला की झोत विरायचा, नाच आला की फडफडायचा. एखादं पोरगं उठून त्यात हात घालायचं, पडद्यावर राक्षसाचा पंजा उमटायचा आणि चारी बाजूंनी शिव्या यायच्या. (कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी १८९२ पासून 'शांबरिक खरोलिका' या नावाने काचेवरची रंगीत चित्रं कंदिलातून पडद्यावर हलवून दाखवली, तेव्हा त्यांच्या प्रेक्षकांतल्या पोरांनीही हात घातलेच असतील. शिव्यांची नोंद कुणी ठेवत नाही.)

वर्गात शंकूचे छेद शिकवायचे असले की मी फळ्यावर काही काढत बसत नाही. खिडक्या लावून घेतो आणि बॅटरी पेटवतो. बॅटरी भिंतीकडे सरळ धरली की वर्तुळ. थोडी कलती केली की लंबवर्तुळ. आणखी कलती करत गेलं की ते लांबत जातं, आणि एका क्षणी त्याचं दूरचं टोक भिंतीवर बंद व्हायचं नाकारतं. झोताची एक कड भिंतीला समांतर झालेली असते. हे अन्वस्त. त्याच्याही पुढे नेऊन बॅटरी भिंतीलगत आडवी धरली की दोन्ही हात सताड पसरलेला अपास्त मिळतो. मुलांना वाटतं, भिंतीवरचा आकार बदलतोय. शंकू तोच आहे, बदलतोय तो भिंतीने त्याला घातलेला काप, हे एखाद्याच्या लक्षात येतं, तो ओरडतो, मग सगळ्यांच्या लक्षात येतं. त्या दिवशी कुणी चित्र काढत नाही आणि मीही काढायला सांगत नाही.

माझं स्वतःचं शिक्षण त्याही आधी झालं, आजोळच्या माळवदाच्या घरात. जाड मातीच्या भिंती, वर लाकडाचे खण, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. भिंतीला खिडकी म्हणून काही नाही. उजेडाला आणि चुलीच्या धुराला मिळून छतात एक साणं. पावसाळ्यात त्यावर पत्रा झाकायचे आणि नंतर तो तिथेच राहायचा. पत्र्याला एक खिळ्याचं भोक होतं. त्या भोकातून कवडसा यायचा, तिरपा, धुराने भरलेला, छतापासून सारवलेल्या जमिनीपर्यंत अखंड. भोक वेडंवाकडं, फाटक्या काठाचं. खाली पडणारा ठिपका मात्र गोल गरगरीत.

याचं कारण मला फार उशिरा कळलं. तो ठिपका भोकाचा नसतोच, सूर्याचा असतो. भोक पुरेसं लहान असलं की ते भिंगाचं काम करतं आणि जमिनीवर सूर्याची प्रतिमा पडते. भोक आणि जमीन यांच्यातल्या अंतराला साधारण १०८ ने भागलं की ठिपक्याचा व्यास मिळतो. बारा फूट उंचीला सव्वा इंचाहून किंचित जास्त. पृथ्वी तासाला पंधरा अंश वळते, त्यामुळे तो ठिपका दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. बोट ठेवून बसलं तर प्रकाश बोटावरून उतरून जाताना दिसतो. आजीला यातलं गणित ठाऊक असायचं कारण नव्हतं, पण कवडसा उखळाच्या काठाला लागला की रानात भाकरी पाठवायची, हे तिचं पक्कं होतं. हिवाळ्यात तो ठिपका चुलीकडे सरकलेला असायचा, उन्हाळ्यात दाराकडे, आणि त्यानुसार तीही आपल्या खुणा हलवायची. आमच्या अक्षांशावर मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या उत्तरार्धात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. जुलैत ढग असतात, पण मे महिन्यात ते दोन-तीन दिवस तो कवडसा ओळंब्यात उभा राहायचा.

आणि १६ फेब्रुवारी १९८०. खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा खाली कारवार, हुबळी, रायचूरकडून गेला. आमच्याकडे खंडग्रास, पण मोठं. दुपारी दारं बंद, अन्नावर तुळशीपत्रं, पोरांनी वर बघायचं नाही, बाहेर डोकावायचं नाही. आम्हाला गुरांच्या पडवीत कोंडलं होतं. तिथल्या जुन्या पत्र्याला खिळ्यांची पंधरा-वीस भोकं. एरवी समोरच्या भिंतीवर तेवढेच गोल ठिपके असायचे. बघता बघता त्या सगळ्यांच्या चंद्रकोरी झाल्या. एका बाजूने वाकलेल्या, एकसारख्या, बैलाच्या पाठीवर दोन, गव्हाणीत एक. सूर्याकडे बघायची बंदी होती, पण सूर्यच पडवीत शिरला होता. प्रकाशाच्या मांडणीचं जे काम मी आयुष्यात पाहिलं, त्यात याच्या वर ठेवावं असं मला अजून मिळालेलं नाही.

आता एवढं ऐकल्यावर वेरूळ येणारच, पण कैलासच्या आधी दहाव्या लेण्यात जायला हवं. विश्वकर्मा लेणं, लोकांच्या तोंडी 'सुतार की झोपडी'. वेरूळचा डोंगरकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून इथली लेणी सकाळी मंद असतात आणि दुपारनंतर जागी होतात. या चैत्याच्या दर्शनी भागात सज्जाच्या वर खिडकी आहे, आणि आत कमानदार छताला दगडातच कोरलेल्या फासळ्या आहेत. मूळच्या लाकडी चैत्यांत तुळया असत, त्यांची ही दगडी आठवण. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास मावळतीकडे कललेलं ऊन त्या खिडकीतून थेट आत जातं आणि स्तूपासमोर बसलेल्या बुद्धाच्या चेहऱ्यावर येतं. त्या दिवशी गर्दी होते, मोबाइल वर होतात. मला मात्र त्याच्या अलीकडचे-पलीकडचे दिवस आवडतात. ऊन चेहऱ्याला चुकवून खांबावर, छताच्या वळणावर पडतं, फासळ्यांच्या सावल्या एकमेकींत मिसळतात, आणि ते छत किती खोल आहे ते त्या सावल्यांवरून मोजता येतं. लेणं कोरणाऱ्यांनी ती तारीख ठरवून साधली की नाही, यावर वाद घालणारे घालोत. खिडकी कुठे, केवढी आणि कुणाच्या समोर ठेवायची, हे तर त्यांनी ठरवलंच होतं.

दौलताबादला याच्या उलट. किल्ल्यात बालेकिल्ल्याकडे चढताना अंधारी लागते, डोंगराच्या पोटातून कोरलेला वळणावळणांचा चढता बोगदा. वटवाघळांचा वास नाकात बसतो. पूर्वी गाइड मशाल घेऊन पुढे चालायचे आणि मध्येच ती आडोशाला न्यायचे. आता मोबाइलची बॅटरी बंद करायला सांगतात. स्वतःचा हात दिसत नाही. गाइड सांगतात ती गोष्ट अशी की शत्रू या काळोखात चाचपडत असताना एका बाजूने उजेड दिसावा, त्याने दार समजून तिकडे धाव घ्यावी आणि थेट खंदकात कोसळावं. गोष्टीतला मीठमसाला बाजूला काढला तरी ते उजेडाचं भोक तिथे आहे, आणि काळोखातून आल्यावर ते खरोखर दारच वाटतं. अंतर कळत नाही, पुढे जमीन आहे की नाही कळत नाही, फक्त उजळलेला चौकोन. अमेरिकेतल्या जेम्स टरेलने १९६६-६७ च्या सुमारास खोलीच्या कोपऱ्यावर एक कापीव प्रकाश टाकून हवेत तरंगणारा पांढरा घन दाखवला. जवळ गेलं की कळतं, दोन भिंतींवर पडलेला तो नुसता उजेड आहे. डोळा फसतो तो दोन्हीकडे एकाच कारणाने. खोलपणा ताडायला लागणारे बाकीचे सगळे पुरावे काढून घेतले की डोळा एका उजळ आकारावर विश्वास ठेवतो. टरेलकडे माणूस हसून मागे फिरतो, एवढाच फरक.

मग आजकालचं काय? जुन्या वास्तूंवर प्रोजेक्टरने चित्रं हलवण्याचं, म्हणजे मॅपिंगचं, फॅड आपल्याकडे आता रुळलंय. त्याच्या आधीची पायरी म्हणजे 'लाइट अँड साउंड'. ती फ्रान्समधल्या शांबोरच्या राजवाड्यावर १९५२ मध्ये सुरू झाली. आताच्या मॅपिंगमध्ये इमारतीचं मोजमाप घेऊन, खिडकी-खांब-कमानींच्या कडा जुळवून चित्र बेततात. भिंत कोसळते, विटा उडतात, वेली चढतात, शेवटी झेंडा. पाच मिनिटं मजा येते, नाही असं नाही. सिडनीच्या ऑपेरा हाउसवर २००९ पासून 'व्हिविड' महोत्सवात हे करतात आणि तिथे ते शोभतंही, कारण त्याच्या शिडांसारख्या छपरांवर दहा लाखांहून जास्त पांढऱ्या आणि सायीच्या रंगाच्या फरश्या आहेत. तो तयार पडदाच आहे.

आमचा दगड काळा आहे. बेसॉल्ट. हिशेब करून बघा. वीस हजार ल्युमेनचा मोठा प्रोजेक्टर वीस मीटर रुंद, दहा मीटर उंच जागेवर टाकला, तर दर चौरस मीटरला शंभर ल्युमेन, म्हणजेच शंभर लक्स, पडतात. चुन्याचा पांढरा गिलावा त्यातले तीन चतुर्थांश तरी परत देईल. काळा पाषाण दहावा हिस्सा देतो, बाकीचं गिळतो. त्यामुळे संभाजीनगरात बीबी का मकबऱ्याच्या घुमटावर आणि पांढऱ्या गिलाव्यावर जे चित्र खुलेल, ते वेरूळच्या कातळावर चिखल होईल. मग लोक काय करतात, तर आणखी दिवे लावतात. जांभळे, हिरवे, गुलाबी. समोरून, खालून, सगळीकडून. आणि इथे माझं खरं भांडण आहे. समोरून प्रकाश टाकला की कोरीवकाम मरतं. प्रोजेक्टरच्या भिंगाला स्वतःच्या सावल्या कधीच दिसत नाहीत. त्याच्या जागेवरून पाहिलं तर सगळी भिंत सपाट उजळलेली असते. शिल्पाला उठाव येतो तो बाजूने चाटून जाणाऱ्या तिरप्या उजेडाने. ज्या कारागिराने दोन बोटं खोलीसाठी वर्षं घालवली, त्याच्या कामावर गुलाबी फोकस मारणं म्हणजे त्याची छिन्नी परत बोथट करणं आहे.

अजिंठ्याला तर प्रश्नच निराळा. तिथे रंगच इतके नाजूक की फ्लॅश बंद, उजेड बेताचा; संग्रहालयांत असल्या नाजूक रंगांना पन्नास लक्सच्या वर जाऊ देत नाहीत. तिथे नवं काही न करणं हेच शहाणपण.

कैलास लेणं मात्र स्वतःच एक चालतं प्रकाशचित्र आहे, आणि त्याला तिकीट नेहमीचंच. डोंगरात वरून खाली शंभर फुटांचा खड्डा खोदून मध्ये मंदिर ठेवलेलं. मागचा कडा पूर्वेला. त्यामुळे सकाळी सगळं आवार त्या कड्याच्या सावलीत असतं. बाजूच्या चढणीने वर जाऊन कड्याच्या काठावर बसायचं. ऊन आधी शिखराच्या माथ्यावर येतं आणि मग सावलीची कड, म्हणजे खरं तर कड्याच्या काठाचीच रेषा, शिखरावरून खाली उतरायला लागते. सरळ रेषा, पण पडते ती कोनाड्यांवर, मजल्यांवर, मूर्तींवर, म्हणून जागोजागी मोडते. एका थरावर आत जाते, पुढच्यावर बाहेर येते. ती रेषा जिथे जितकी मोडते, तितकं तिथे खोदलेलं आहे. डोळ्यादेखत मंदिराचं मोजमाप निघत असतं. खालच्या आवारात गाइड रामायण सांगत असतो आणि वर कुणी बघत नाही.

हीच रेषा हातात घ्यायला मिळाली तर, हे माझ्या डोक्यात बरीच वर्षं होतं. ती मिळाली एका फरशीवाल्या मिस्त्रीकडे. माझा जुना विद्यार्थी. भूमितीत कच्चा, आता गुण्या-ओळंब्यात तालुक्यात पहिला. त्याच्याकडे बारा लाइनचं लेझर लेव्हल आहे, हिरवं. डबीएवढं यंत्र तिपाईवर ठेवलं की चारी भिंतींवर एका पातळीत रेघ उमटते. रेघ दिसते भिंतीवर, पण यंत्रातून निघतं ते प्रकाशाचं अख्खं प्रतल, हवेत पसरलेलं. म्हणजे धूर केला की झालं.

संरक्षित स्मारकात असले उद्योग परवानगीशिवाय करता येत नाहीत आणि करूही नयेत. पण परभणी जिल्ह्यात बारवांना तोटा नाही. सेलू तालुक्यात वालूरची गोल फिरत उतरणारी बारव आता बऱ्यापैकी माहीत झालीय, चारठाण्याची आहे, आणि कुठल्याच यादीत नसलेल्या कितीतरी. त्यातल्या एका गावच्या चौकोनी बारवेत, ग्रामपंचायतीला सांगून, नववीची काही पोरं आणि मिस्त्री असे आम्ही मार्चमध्ये संध्याकाळी उतरलो. बारव कोरडी. तळाला गाळ, बाटल्या आणि एक चप्पल.

मिस्त्रीने आधी उभी रेघ लावली. समोरच्या पायऱ्यांवरून ती चढत गेली, करवतीच्या दात्यांनी. बाजूला उभ्या असलेल्या पोरांना दाते दिसत होते. मी एकेकाला बोलावून थेट यंत्राच्या मागे उभं केलं, आणि तिथून तीच रेघ सरळ, सपाट, एकही दाता नाही. "सर, मिटली की!" एकजण म्हणाला. मिटली नव्हती; प्रकाश जिथून निघतो तिथूनच बघितलं की खोली कळतच नाही. गुलाबी फोकसवाल्यांना मी हे दाखवणार आहे, सवडीने. शिवाय ती रेघ प्रत्येक पायरीच्या मधोमध किंचित बसलेली दिसत होती. शेकडो वर्षं घागरी घेऊन उतरणाऱ्या पायांनी झिजवलेला तो खोलगट भाग दिवसा डोळ्यांना कळतही नव्हता.

मग आडवी. चारी बाजूंच्या पायऱ्यांवर एकाच पातळीत हिरवी चौकट. तीन बाजूंना रेघ टप्प्याच्या उभ्या अंगावर मध्यावर, आणि उत्तरेला मात्र वरच्या काठाला टेकलेली. म्हणजे ती बाजू चार बोटं खचलीय. मिस्त्रीने हाताने दगड चाचपून मान हलवली. पोरांनी वहीत लिहून घेतलं.

अंधार पुरता पडल्यावर आम्ही घमेल्यात गोवऱ्या पेटवल्या, वर लिंबाचा ओला पाला. डासांना करतात तोच धूर. तो खाली बारवेत उतरला आणि रेघांच्या मधलं सगळं भरून आलं. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत हिरवं, पातळ, हलतं प्रतल, त्यात धुराच्या लाटा. पोरं पायऱ्यांवर होती, कुणाच्या कमरेला, कुणाच्या गळ्याला ते कापत होतं. डोळ्यांच्या पातळीवर आलं तर खाली वाका, यंत्राकडे बघू नका, असं मिस्त्री सारखा ओरडत होता.

एव्हाना धूर बघून गाव काठावर जमलं होतं. त्यात एक आज्जी, काठी टेकत आलेली. तिने वरून बघितलं आणि म्हणाली, "आगं बया, पाणी आलंय का काय बारवंला?"

कुणी हसलं नाही, कारण तसंच दिसत होतं. मग ती म्हणाली, "मास्तर, पण इथवर नसायचं हो. थोडं वर घ्या." मिस्त्रीने तिपाई दोन पायऱ्या वर नेली. "हां. पोळ्याच्या टायमाला एवढं असायचं." पोरं वही घेऊन तिच्याभोवती. लग्न होऊन आली तेव्हा कुठवर? अजून वर. बहात्तरला? आमच्याकडे जुनी माणसं नेहमी सांगतात की बहात्तरचा दुष्काळ अन्नाचा होता, पाण्याचा नव्हता. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं तो २०१६ चा, तो पाण्याचा. आजपर्यंत मी हे ऐकून सोडून देत होतो. आज्जीने काठीने पायरी दाखवली, तळापासून बरीच वर. मिस्त्रीने लेव्हल तिथे लावली, धूर सावरला, आणि बहात्तरचं पाणी बारवेत भरलं.

तेवढ्यात एक म्हातारेबुवा पुढे झाले. "काय सांगायलीस? बहात्तरला मी स्वतः उतरलोय आत. त्या देवळीच्या खाली होतं पाणी."

"देवळीच्या वर होतं."

"खाली होतं. मी घागर बुडवायला वाकायचो."

"तुम्ही बुटके होता तवा."

मिस्त्रीने लेव्हल खाली घेतली. आज्जीने वर घ्यायला लावली. बुवांनी तिसऱ्या एकाला साक्षीला बोलावलं, त्याने तिसरीच पायरी सांगितली. पोरांनी वहीत तिन्ही पातळ्या मांडल्या, प्रत्येकीसमोर नाव लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह. सरपंच म्हणाले, सर, यात्रेला हेच करू, फक्त कलर वाढवा थोडे. मी म्हटलं, कलर नाही, आधी उत्तरेची भिंत. त्यावर तिकडे वेगळीच चर्चा सुरू झाली, आणि खालून मिस्त्री ओरडला, "आवो, पाणी कुठवर होतं ते ठरवा एकदाचं, चार्जिंग संपायलंय!"